दोनच टोके असलेल्या केबलवर कोलिजन कसे होते, आणि लूपबॅक चाचणी नेमके काय तपासते?

प्रश्न : कापूसकाटा (वर्धा जिल्हा)

नमस्कार मंडळी. आमच्या भागातील एका जिनिंगमधील संगणक आणि नेटवर्कची देखभाल माझ्याकडे आहे. काटाघरातील संगणकावर लिनक्स आहे. कापसाच्या प्रत्येक गाडीचे भरले आणि रिकामे वजन त्यावर नोंदले जाते, आणि साधारण साठ मीटर केबलने तो कार्यालयातील स्विचला जोडलेला आहे. कॅमेरे बसवणाऱ्या ठेकेदाराने उन्हाळ्यात जुना स्विच काढून दुसरा, सेटिंग करता येणारा स्विच बसवला. तेव्हापासून वजनाच्या लहान नोंदी पूर्वीसारख्याच लगेच पोहोचतात. मात्र संध्याकाळी दिवसभराच्या पावत्या आणि गाड्यांचे फोटो सर्व्हरवर पाठवायला घेतले, की वेग इतका पडतो की रात्री काटाघर बंद करण्याच्या वेळीही काम अर्धवटच राहते.

मी १२७.०.०.१ ला पिंग केले, संगणकाच्या स्वतःच्या पत्त्याला पिंग केले आणि स्विचलाही पिंग केले. तिन्ही ठिकाणी उत्तर व्यवस्थित येते. इथटूल या लिनक्समधील कार्ड तपासण्याच्या आज्ञेने कार्डाची अंतर्गत लूपबॅक चाचणी (पाठवलेला डेटा आतूनच परत फिरवून पाहण्याची) घेतली, तीही उत्तीर्ण झाली. त्याच इथटूलमध्ये वेग १०० मेगाबिट आणि ड्युप्लेक्स हाफ (म्हणजे एका वेळी एकाच बाजूने बोलायचे) असे दिसते. आकडेवारीत कोलिजन (धडक) आणि लेट कोलिजन (उशिरा झालेली धडक) हे दोन्ही आकडे फाइल जाताना भराभर वाढतात. एरवी ते जागचे हलत नाहीत.

माझ्या शंका अशा आहेत. या केबलला दोनच टोके आहेत, पाठवण्याची तारजोडी वेगळी आणि घेण्याची वेगळी आहे, मग धडक होते कुठे आणि कार्डाला ती कळते कशी? दुसरे, पॅकेट पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी पाठवलेल्या फ्रेम (तारेवर जाणारी डेटाची पाकिटे) सुद्धा दिसतात, याचा अर्थ कार्ड स्वतःचे पाठवलेले परत ऐकते असा घ्यावा काय? आणि तिसरे, पिंग व लूपबॅक दोन्ही उत्तीर्ण असतील तर कार्ड निर्दोष मानून केबल बदलायला घ्यावी काय? हंगाम सुरू आहे, त्यामुळे उगाच तोडफोड करायची नाही.

उत्तर : निवृत्त तंत्रनिकेतन शिक्षक (अमरावती)

भाऊ, आपल्या पहिल्या शंकेसाठी कोअ‍ॅक्स केबलच्या काळापर्यंत मागे जावे लागेल, कारण आजच्या कार्डात लूपबॅक आणि कोलिजन या नावाने जे काही उरले आहे ते तिथूनच आलेले आहे.

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून इथरनेटची उभारणी केली, तेव्हा सर्व संगणक एकाच कोअ‍ॅक्स तारेवर लटकलेले होते. पुढे १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून १० मेगाबिटचे तपशील प्रसिद्ध केले, आणि आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचे ८०२.३ हे मानक त्यावरूनच तयार झाले. एका तारेवर एक जण बोलला की ते सगळ्यांना ऐकू येते, आणि त्या सगळ्यांमध्ये बोलणारा स्वतःही आलाच. म्हणजे त्या काळी लूपबॅक ही वेगळी सोय नव्हती, तो तारेचाच गुण होता.

धडक ओळखण्याची युक्ती मला आजही सुंदर वाटते. त्या इथरनेटमध्ये मँचेस्टर कोडिंग होते, म्हणजे प्रत्येक बिटाच्या अर्ध्या काळात विद्युतप्रवाह चालू आणि अर्ध्या काळात बंद असे. त्यामुळे आपण शून्य पाठवा की एक पाठवा, सरासरी प्रवाह तेवढाच राही. हा प्रवाह सुमारे ४१ मिलिअँपिअर असे. तारेच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर (टोक बंद करणारे रोधक), म्हणजे ट्रान्सीव्हरला (तारेवर संकेत पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या भागाला) दिसणारा रोध २५ ओहम, आणि म्हणून तारेवरचा सरासरी दाब एका व्होल्टच्या आसपास. दोघे एकदम बोलू लागले की प्रवाहांची बेरीज होऊन दाब दोन व्होल्टकडे जातो. ट्रान्सीव्हर फक्त एवढेच पाही की सरासरी दाब साधारण दीड व्होल्टची रेषा ओलांडतो आहे काय. फ्रेममध्ये काय लिहिले आहे हे त्याला वाचावेच लागत नसे.

पातळ कोअ‍ॅक्सवर विद्यार्थ्यांना मी एका टोकाचा टर्मिनेटर काढून दाखवीत असे. २५ ओहमच्या जागी ५० ओहम झाले की एकट्या कार्डाचाच दाब दुप्पट होतो. मग तारेवर दुसरे कोणी बोलत नसतानाही कार्ड धडक झाल्याचे सांगते, १६ प्रयत्न करते आणि ती फ्रेम सोडून देते.

जाड तारेच्या काळात ट्रान्सीव्हर तारेला जोडलेला आणि कार्ड संगणकात असे. दोघांमध्ये पाठवण्याची, घेण्याची आणि केवळ धडक कळवण्याची अशा वेगवेगळ्या तारजोड्या असत. धडक झाली की त्या शेवटच्या जोडीवर १० मेगाहर्ट्झचा संकेत येई. ही जोडीच तुटली तर कार्डाला धडक कधी कळणारच नाही, म्हणून प्रत्येक फ्रेम पाठवून झाल्यावर ट्रान्सीव्हर त्या जोडीवर मुद्दाम एक छोटा संकेत देई. जुन्या कार्डांच्या नोंदीत हार्टबीट नावाची जी चूक दिसते ती या संकेताच्या अनुपस्थितीची आहे.

आता लेट कोलिजनबद्दल, कारण आपल्या तक्रारीचे मूळ मला तिथेच दिसते. एखादी फ्रेम पाठवत असतानाच धडक कळली तर कार्ड ३२ बिटांचा जॅम (धडक झाल्याचा इशारा) पाठवून थांबते, यादृच्छिक काळ थांबून पुन्हा प्रयत्न करते, आणि प्रत्येक धडकेनंतर त्या यादृच्छिक काळाची मर्यादा दुपटीने वाढवते. दहाव्या धडकेनंतर ती वाढणे थांबते आणि सोळाव्या प्रयत्नातही धडकच झाली तर फ्रेम टाकून दिली जाते. हे सर्व चालण्यासाठी एक अट आहे: नेटवर्कच्या एका टोकाहून निघालेला संकेत दुसऱ्या टोकाला जाऊन तिथल्या धडकेची खबर परत येईपर्यंत पाठवणाऱ्याची फ्रेम संपलेली नसावी. म्हणून सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइट, म्हणजे ५१२ बिटांची ठरवली गेली. १० मेगाबिटला हा काळ ५१.२ मायक्रोसेकंद होतो आणि १०० मेगाबिटला ५.१२ मायक्रोसेकंद. एवढा काळ धडकेशिवाय गेला की तार आपल्या ताब्यात आली असे कार्ड मानते. त्यानंतर झालेली धडक ती लेट, आणि अशी फ्रेम बहुतेक कार्डे पुन्हा पाठवत नाहीत.

आपली केबल साठ मीटरची आहे. तांब्यातून संकेताला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन परत यायला ०.६ मायक्रोसेकंद. दोन्ही टोके नियम पाळत असतील तर ५.१२ मायक्रोसेकंदांनंतर धडक होण्याला वावच नाही. तरीही आपला लेट कोलिजनचा आकडा वाढतो आहे. समोरचे टोक नियम पाळत नाही, हाच त्याचा अर्थ मी घेईन.

उत्तर : जोडतार (यवतमाळ)

सरांनी पाया सांगितला, मी पुढचे सांगतो.

पिळलेल्या तारजोड्यांवर दाबांची बेरीज होत नाही, कारण पिन १ आणि २ वर आपण पाठवतो आणि ३ व ६ वर समोरचा आपल्याला पाठवतो. तारेवर खरोखर काहीही आदळत नाही. हाफ ड्युप्लेक्समध्ये धडक ही केवळ व्याख्येने ठरवलेली घटना आहे. मी पाठवत असताना माझ्या घेण्याच्या जोडीवरही संकेत आला, की ती धडक. हे कार्डातील तारेवरचे संकेत हाताळणारी फाय नावाची चिप पाहते, आणि कोलिजनची स्वतंत्र रेषा वर उचलून मॅकला, म्हणजे फ्रेम कधी पाठवायची ते ठरवणाऱ्या कार्डाच्या भागाला, कळवते.

१० मेगाबिटच्या तारजोडीचे मानक १९९० मध्ये आले. मॅकची रचना मात्र कोअ‍ॅक्सच्या काळातलीच होती. आपण बोलतो तेव्हा आपले बोलणे परत ऐकू आलेच पाहिजे अशी तिची अपेक्षा होती, आणि ते ऐकू आले नाही तर ती कॅरिअर (तारेवर संकेत असल्याची खूण) हरवल्याची नोंद करीत असे. म्हणून हाफ ड्युप्लेक्समध्ये ट्रान्सीव्हर पाठवलेला डेटा आतल्या आत घेण्याच्या रेषेवर फिरवून मॅकला परत ऐकवतो. १०० मेगाबिटमध्ये डेटा असा परत फिरवण्याची गरज ठेवलेली नाही. हाफ ड्युप्लेक्समध्ये पाठवताना आणि घेताना, दोन्ही वेळा कॅरिअरची रेषा वर राहते, तेवढे मॅकला पुरते. फुल ड्युप्लेक्स ठरले की मॅक या दोन्ही रेषांकडे पाहणेच सोडून देतो, कारण तिथे एकाच वेळी बोलणे आणि ऐकणे हा नियमच आहे.

आता आपला स्विच. माझा अंदाज असा की ठेकेदाराने त्या पोर्टवर १०० मेगाबिट फुल असे पक्के बांधून ठेवले आहे. असे केले की बरेच स्विच ऑटो-निगोशिएशनची (दोन्ही टोकांनी वेग आणि ड्युप्लेक्स आपसात ठरवण्याची) स्पंदने पाठवणे बंद करतात. आपले कार्ड ती स्पंदने शोधते, ती मिळत नाहीत, पण तारेवरचा १०० मेगाबिटचा संकेत ओळखू येतो; त्यामुळे वेग कळतो, ड्युप्लेक्स कळत नाही. मानकाचे सांगणे असे आहे की अशा वेळी हाफ धरावे. आपले कार्ड नियमाप्रमाणे हाफ झाले आणि स्विच फुलच राहिला.

परिणाम पाहा. मोठ्या फाइलची एक पूर्ण फ्रेम तारेवर सुमारे १२२ मायक्रोसेकंद राहते. त्यातील पहिली ५ मायक्रोसेकंदेच नियमात बसणाऱ्या धडकेची आहेत. सर्व्हरकडून येणारी पोच स्विच मनात येईल तेव्हा सोडतो, कारण त्याच्या दृष्टीने वाट पाहण्याचे कारणच नाही. ती बहुतेक वेळा आपल्या फ्रेमच्या मध्यावर येते. आपले कार्ड त्याला लेट कोलिजन समजून फ्रेम तिथेच तोडते, स्विचकडे अर्धवट तुकडा पोहोचतो आणि तिथे तपासणी-बेरीज (फ्रेम बिघडली काय ते पाहण्याचा आकडा) चुकल्याची नोंद होते. वर ती पोचही आपल्याकडून हुकते, आणि स्विच ती पुन्हा पाठवत नाही. हरवलेले भरून काढण्याचे काम टीसीपीवर (डेटा पूर्ण पोहोचल्याची काळजी घेणाऱ्या सॉफ्टवेअरवर) पडते, आणि टीसीपी ते काम सेकंदाच्या मोजमापात करतो, मायक्रोसेकंदाच्या नव्हे. पिंगमध्ये एक लहान फ्रेम जाते, मग उत्तर येते. दोघे एकाच वेळी क्वचितच बोलतात, म्हणून पिंग स्वच्छ दिसते. वजनाच्या नोंदीचेही तेच.

केबलला हात लावण्याआधी स्विचच्या पानावर जाऊन त्या पोर्टची नोंद पाहावी. तिथे तपासणी-बेरजेच्या चुका वाढत असतील आणि कोलिजन शून्य असेल तर दुसरा पुरावा लागत नाही. पोर्ट ऑटोवर ठेवावा, आणि संगणकही ऑटोवरच राहू द्यावा. एका बाजूला बांधून दुसरी मोकळी सोडणे हा प्रकार आमच्या भागात मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की नेटवर्क संथ आहे असे ऐकले की मी आधी ड्युप्लेक्स विचारतो.

उत्तर : कर्नलवाचक (नागपूर)

राहिलेल्या दोन शंकांचे उत्तर देतो.

आपण पाठवलेल्या फ्रेम पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतात, त्या कार्डाने परत ऐकलेल्या नसतात. फ्रेम कार्डाच्या ड्रायव्हरकडे सोपवण्याच्या वेळी लिनक्सचा कर्नल तिची एक प्रत अशा सॉफ्टवेअरला देतो. म्हणून तिथे दिसलेली फ्रेम तारेवर गेलीच, असेही म्हणता येत नाही. आपल्याकडे लेट कोलिजनने तुटलेल्या फ्रेम त्या यादीत धडधाकट दिसत असतील. ब्रॉडकास्टचेही (सर्वांसाठी एकदम पाठवलेल्या फ्रेमचेही) असेच आहे. कार्ड स्वतःचे ब्रॉडकास्ट ऐकत नाही. त्याच संगणकावरील एखाद्या प्रोग्रामला ते हवे असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमच त्याची प्रत आतून फिरवते. बीएसडी घराण्यातील ऑपरेटिंग सिस्टिममध्ये यासाठी इंटरफेसवर सिम्प्लेक्स नावाची खूणच असते, तिचा अर्थ एवढाच की या इंटरफेसला आपलेच बोलणे ऐकू येत नाही.

१२७ ने सुरू होणारा कोणताही पत्ता कार्डापर्यंत पोहोचतच नाही. संगणकाचा स्वतःचा पत्तासुद्धा लिनक्स एलओ या आभासी इंटरफेसवरूनच आतल्या आत फिरवतो. स्वतःच्या पत्त्याला पिंग करताना कार्डाच्या पाठवलेल्या पॅकेटांचा आकडा पाहावा, तो या पिंगमुळे वाढत नाही. त्यामुळे पहिल्या दोन पिंगांनी कार्डाविषयी काहीही सिद्ध झालेले नाही.

इथटूलच्या चाचणीचे वजन जास्त आहे, पण ती कुठून वळते ते ड्रायव्हरवर अवलंबून असते. काही कार्डांत डेटा मॅकमध्येच वळवला जातो आणि फायला त्याची कल्पनाही नसते. काहींत फायपर्यंत जाऊन वळतो. फायच्या शून्य क्रमांकाच्या रजिस्टरमधील (सेटिंगच्या कप्प्यातील) १४ वा बिट त्यासाठीच आहे. एनई२००० घराण्यातील जुन्या कार्डांवर ८३९० ही चिप असे, तिच्यात तर तीन ठिकाणी वळण्याची सोय होती: चिपच्या आत, कोडिंग करणाऱ्या भागात आणि थेट तारेपर्यंत. पण मॅक किंवा फायमध्ये वळलेली चाचणी फायनंतरचा छोटा ट्रान्सफॉर्मर, आरजे-४५ चे खाचे आणि केबल यांच्याविषयी मौन पाळते, आणि आपल्याकडे जून महिन्यातल्या विजांनी जे जळते ते बहुधा तारेकडच्या बाजूचेच असते. कार्ड अंतर्गत चाचणीत उत्तीर्ण आणि लिंकचा दिवा मात्र लागत नाही, हे दृश्य इकडे कोणत्याही दुरुस्तीवाल्याला नवे नाही.

कार्डाच्या आरजे-४५ खाचेपर्यंतची तपासणी करायची असेल तर एक लूपबॅक प्लग बनवावा: आरजे-४५ चा एक कनेक्टर घेऊन त्यात पिन १ ला ३ आणि २ ला ६ जोडावी. १० आणि १०० मेगाबिटला हे पुरते. मात्र ही चाचणी फुल ड्युप्लेक्समध्येच करावी. हाफमध्ये हा प्लग लावला तर आपणच पाठवलेला संकेत त्याच क्षणी घेण्याच्या जोडीवर येतो, फाय त्याला धडक ठरवते, आणि उत्तम स्थितीतील कार्डही १६ प्रयत्न करून हात टेकते. फायच्या आतल्या लूपबॅकमध्ये असे होत नाही, कारण त्या वेळी कोलिजनची रेषा खालीच ठेवावी असा मानकाचा दंडक आहे. आणि ती रेषा मॅकपर्यंत पोहोचते काय हेच तपासायचे असेल, तर त्याच रजिस्टरमधील ७ वा बिट लूपबॅकसोबत चालू करतात; मग फाय प्रत्येक फ्रेमला मुद्दाम खोटी धडक कळवते.

एक सूचना. इथटूलची ऑफलाइन चाचणी चालू असताना लिंक तुटते. फाटकावर गाड्यांची रांग असताना ती घेऊ नये.

पुन्हा : कापूसकाटा

आपणा सर्वांचे आभार. स्विचच्या पानावर तो पोर्ट १०० मेगाबिट फुल असा बांधलेलाच निघाला. त्याच्या खाली तपासणी-बेरजेच्या चुकांचा मोठा आकडा होता आणि कोलिजनच्या रकान्यात शून्य. पोर्ट ऑटोवर घेतल्यावर इथटूलमध्ये फुल दिसू लागले, दोन्ही आकडे थांबले, आणि संध्याकाळची फाइल जेवणाला उठण्याआधी पोहोचली.

दोन गोष्टी अजून विचारतो. पुढच्या वर्षी काटाघरात गिगाबिटचे कार्ड घ्यायचे आहे. तिथे हा प्रकार उद्भवेल काय? आणि काट्याच्या दर्शक यंत्राला सिरिअलवरून इथरनेट करणारी जी डबी लावली आहे, ती फक्त १० मेगाबिट हाफवर चालते आणि तिला ऑटो-निगोशिएशन येत नाही. तिच्या पोर्टवर स्विचमध्ये थोडे कोलिजन दिसतात. तो पोर्ट फुल करावा काय?

उत्तर : जोडतार (यवतमाळ)

गिगाबिटच्या तांब्याच्या तारेवर ऑटो-निगोशिएशन अनिवार्य आहे, कारण दोन टोकांपैकी घड्याळ कोणाचे चालणार हेही त्यातच ठरते. तिथे चारही जोड्यांवर दोन्ही दिशांचा संकेत एकाच वेळी वाहतो, आणि प्रत्येक फाय आपल्याच पाठवलेल्या संकेताचा प्रतिध्वनी वजा करून समोरच्याचे ऐकते. म्हणून गिगाबिटला साधा प्लग लावून चाचणी घेता येतेच असे नाही. समोर आपलाच आवाज आला तर घड्याळ कोणाचे हा निर्णय लागत नाही, आणि त्यासाठी फायमध्ये खास चाचणी-स्थिती असावी लागते. कागदावर गिगाबिटलाही हाफ ड्युप्लेक्स आहे. त्यासाठी ६४ बाइटांची मुदत ५१२ बाइटांपर्यंत वाढवावी लागली आणि लहान फ्रेमच्या मागे भरती घालावी लागली, पण बाजारात ते जवळजवळ कोणी वापरले नाही. १० गिगाबिटच्या मानकात तर २००२ मध्ये हाफ ड्युप्लेक्स ठेवलेच नाही. तेव्हा नवे कार्ड आणि स्विचचा पोर्ट दोन्ही ऑटोवर ठेवा, एवढेच पथ्य.

डबीचा पोर्ट मात्र फुल करू नये, नाहीतर हेच दुखणे उलट बाजूने सुरू होईल. तो ऑटोवर असू द्यावा. स्विच डबीचा १० मेगाबिटचा संकेत ओळखेल आणि नियमाप्रमाणे हाफ धरेल, म्हणजे दोन्ही टोकांचे जुळेल. त्या पोर्टवरचे साधे कोलिजन ही चूक समजू नका, हाफ ड्युप्लेक्समध्ये दोघांना एकाच वेळी बोलावेसे वाटले की ते होणारच, आणि त्यातील फ्रेम कार्ड स्वतःच काही मायक्रोसेकंदांत पुन्हा पाठवते. तिथे नजर ठेवायची ती लेट कोलिजनच्या रकान्यावर.